तांडेलबाईंची रकान्याबाहेरची सही

तोंडवलीच्या तिठ्यावर गेल्या महिन्यात एक फ्लेक्स लागला. वर तांडेलबाईंचा फोटो, मागे केशरी गोळा, आणि खाली ठळक अक्षरांत 'कृत्रिम सूर्य निर्माण करणाऱ्या कोकणकन्येस भावपूर्ण श्रद्धांजली'. मी रिक्षा थांबवली, पर्समधून नातीचा काळा मार्कर काढला आणि हात पोचला तिथे, कोपऱ्यात लिहिलं : 'मान्य नाही.' वय वर्षं एकाहत्तर. रिक्षावाला तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसला. समुद्र तिथून दिसत नाही.

तांडेलबाईंचा भाचा नंदू, ज्याने तो फ्लेक्स लावला होता, धावत आला. "मावशी, ह्या काय केलास? आत्येक बरा वाटला असता."

"तुझ्या आत्येक? तिना तो उतरवून त्याच्यार म्हावरा सुकत घातला असता."

नंदू हसला नाही. पण पुसायलाही गेला नाही. आत्याला तोही ओळखून होता.

तांडेलबाईंनी सूर्य बनवला नव्हता. 'तापलं, तापलं' म्हणून सगळे नाचत असताना 'तापलेलं नाही' असं म्हणणाऱ्या त्या एकट्या होत्या, आणि त्याबद्दल त्यांनी जे मोजायचं ते मोजलं. मला हे माहीत आहे, कारण त्या दिवशी नाचणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते.

कोकणाबाहेर, समुद्रापासून लांब, धुळीच्या गावात एक प्रयोगशाळा होती. नाव सांगत नाही. तिथली माणसं भली होती, निदान माझ्याइतकी तरी. तिथे पोलादाचं एक प्रचंड पोकळ कडं होतं. त्यात विरळ वायू सोडायचा, विजेने त्याचे कण फोडायचे, म्हणजे झाला प्लाझ्मा. तो भिंतीला लागू नये म्हणून भोवती चुंबक. आणि तो सूर्यासारखा तापावा म्हणून त्यात मायक्रोवेव्ह सोडायच्या. देवगडला सुट्टीत गेले की मी ऐटीत सांगायची, "मी मायक्रोवेव्हमध्ये काम करते." काकी विचारायची, "मगे थंय पापड भाजूक येतत?" मला भयंकर अपमान वाटायचा. आज वाटतं, आमच्या पहिल्या दोन वर्षांतल्या कामापेक्षा पापड बरे भाजले गेले असते.

मी एमएस्सी करून तिथे लागले तेव्हा माझी कल्पना अशी होती की प्रयोगशाळा माझीच वाट बघत थांबली आहे. मालवणी तर मी स्टेशनवरच सोडली होती. इंग्रजीत बोलायची, आणि इंग्रजी संपलं की गूढ हसायची. तिसऱ्या दिवशी पायावर पाना पडला आणि तोंडातून निघालं, "अगे बाय माझे!" कड्याच्या खालून, पाइपांच्या जंजाळातून एक डोकं बाहेर आलं. विस्कटलेले केस, कपाळाला ग्रीस.

"खंयची गो तू?"

"देवगड," मी इंग्रजी उच्चारात म्हटलं.

"आंबेवाली?"

"आमच्या बागा आहेत," मी मान उंचावून म्हटलं.

"मगे तू हापूस. मी तांडेल. तोंडवलीची. आमची बाग नाय, समुद्र आसा." आणि डोकं परत खाली गेलं. त्यानंतर मी त्या इमारतीत बारा वर्षं हापूसच होते. शिपाईसुद्धा 'हापूस मॅडम' म्हणायचा.

तांडेलबाई पदाने टेक्निशियन. बीएस्सी, तेही नोकरी करत. मायक्रोवेव्ह जिथून जातात त्या नळ्या त्यांच्या ताब्यात. डाव्या मनगटात एक तांब्याचं कडं असायचं. मला आधी वाटलं, नवसाबिवसाचं असेल. ते निघालं नळ्यांच्या जोडातलं. दोन नळ्या घट्ट बसाव्यात म्हणून मध्ये तांब्याचं वळं दाबतात; एकदा दाबलं की ते पुन्हा चालत नाही, टाकून देतात. "माका चालता," तांडेलबाई म्हणायच्या. "एकदा दाबलेला म्हणान फुकट गेला काय?"

दुसरी सवय हात लावून बघायची. पंप असो, नळी असो, चहाचा ग्लास असो, आधी तळवा टेकवायच्या आणि डोळे किलकिले करून थांबायच्या. कोणी काहीही सांगत आला की त्यांचा एकच प्रश्न : "हात लावून बगलंस?" तोंडवलीच्या किनाऱ्यावर त्यांचे वडील रापणीचे जुने मानकरी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या गावाने मिळून ओढायच्या. दोरी जड झाली की पोरं ओरडतात, मासो, मासो! म्हातारे मात्र दोरीवर हात ठेवून गप्प राहतात. शेवाळ असलं, जेलीफिश भरले असले तरी दोरी जडच होते. मासा असला की दोरी थरथरते, आणि ती थरथर हळूहळू वाढत येते. तांडेलबाईंची प्रयोगशाळा तिथूनच सुरू झाली होती.

मला मायक्रोवेव्हचं खरं गणित त्यांनीच शिकवलं, विद्यापीठाने नव्हे. विद्यापीठाने सूत्र दिलं होतं. मी ते झोपेतही म्हणू शकत होते आणि जागेपणी त्याचा अर्थ सांगू शकत नव्हते. एका दुपारी डबा खाताना त्यांनी सुक्या बांगड्याचा तुकडा मोडला आणि विचारलं, "पेडव्याच्या जाळ्यात सुरमय गावता?"

"नाही."

"कित्याक?"

"भोकं बारीक असतात. सुरमई डोकं आपटून परत जाईल."

"आणि सुरमयच्या जाळ्यात पेडवो?"

"आरपार."

"ताच ता. इलेक्ट्रॉन चुंबकात गरगरतत. चुंबकाचो जोर जास्त, थंय जोरात गरगरतत. कमी, थंय हळू. आपली लाट एकाच मापाची. ज्या जाग्यार गरगरण्याचा माप लाटेच्या मापाक जुळला, थंयच इलेक्ट्रॉन ती गिळतले. बाकी सगळ्यांका ती आरपार. कड्यात आतल्या अंगाक चुंबक जोरदार, भायर कमी. मदी एकच पट्टी जुळता. ती पट्टी मदोमद ठेवची, एवढाच आपला काम."

सूत्राचा अर्थ मला त्या दिवशी कळला. अर्थात त्यांना मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, "हो, ते तर आहेच."

आणखी एक : प्लाझ्मा फार दाट झाला तर लाट आत शिरतच नाही, परत फिरते. हे तत्त्व तांडेलबाई माणसांनाही लावायच्या. कंट्रोल रूममध्ये बघ्यांची गर्दी झाली की दारात उभ्या राहून ओरडायच्या, "चला, भायर! दाटी जाली काय काय्येक आत जाणा नाय." एकदा मोठ्या साहेबांनाच बाहेर काढलं. मोठे साहेब पुण्याचे, सज्जन, प्रत्येक बैठकीत 'सकारात्मक राहूया' म्हणणारे. बाहेर जाताना 'सॉरी' म्हणून गेले.

आता त्या दिवसाकडे येते. इतका वेळ टाळत होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

प्लाझ्माचं तापमान मोजणारं यंत्र माझं होतं. 'माझं' म्हणजे सरकारचं, पण मी त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. गरगरणारे इलेक्ट्रॉन स्वतःही बारीक गुणगुणतात. जितके तापलेले, तितकं गुणगुणणं मोठं. माझं यंत्र ते ऐकायचं. त्या दिवशी प्लाझ्मा केला, मायक्रोवेव्ह सोडल्या (याला आम्ही 'शॉट' म्हणायचो), आणि माझ्या पडद्यावरची रेघ एकदम खडी वर गेली. भिंतीसारखी. मायक्रोवेव्ह बंद, रेघ धाडकन खाली. टाळ्या. साहेबांनी पेढे मागवले. बाहेरची तज्ज्ञांची समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. पुढचा सगळा प्रकल्प त्यांच्या शब्दावर. आणि कोणी तरी म्हणालं, समिती आलेखासोबत फोटो काढील. मी संध्याकाळी जाऊन पैठणी काठाची साडी घेऊन आले. काठ पडद्यावरच्या रेघेच्या रंगाला जुळणारा. हो, रंग जुळवून घेतला. तुम्ही हसा, मी हसून झालेय.

लॉगबुकात चार विभागांच्या सह्या लागायच्या. 'तापवणे यशस्वी' असं साहेबांनी लिहिलं. पहिली सही माझी, नव्या शाईच्या पेनाने, शेपटी काढून. मग चुंबकवाल्यांची, पंपवाल्यांची. चौथा रकाना तांडेलबाईंचा. त्यांनी सही केली नाही. माझ्या पडद्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हापूस, चूल पेटवल्यार पेज लगेच उकळता?"

"म्हणजे?"

"तापूक येळ लागता गो. ह्या बग, लाट सुरू आणि रेघ माथ्यार. लाट बंद आणि रेघ तळाक. पेज अशी थंड होता? तुजो थर्मामीटर पेजेत आसा काय जाळात?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. (तेवढंच त्या दिवशी खरोखर तापलं.) आमची लाट आणि इलेक्ट्रॉनांचं गुणगुणणं एकाच सुरातलं. न गिळलेली लाट कड्यात भिंतीभिंतींवर आपटत फिरत असेल, तर ती माझ्या यंत्राच्या कानात शिरणार आणि यंत्र तिलाच ताप समजणार. हे होऊ नये म्हणून यंत्रात आमच्या लाटेचा नेमका सूर अडवणारी एक गाळणी असते. ती गाळणी महिन्यापूर्वी दुरुस्तीला गेली होती आणि मी तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी बसवली होती. तपासली नव्हती. हे मला त्या क्षणी आठवलं. आणि मी म्हणाले, "माझं यंत्र बरोबर आहे."

मोठे साहेब आले. "तांडेलबाई, जरा सकारात्मक..."

"सायबानू, एक रिकामो शॉट मारूया. आत वायू नको, प्लाझ्मा नको. नुसती लाट. रेघ वर गेली नाय तर मी सही करतंय."

"रिकाम्या कड्यात एवढी ताकद सोडायची? गिळणारं कोणी नाही. कड्याच्या खिडक्यांच्या काचा फुटतील."

"पापणी लवण्याइतको मारा. काच फुटली तर माज्या पगारातून घ्या."

"उद्या समिती आहे. आणि पुढच्या आठवड्यात तुमची बढतीची मुलाखत. एकोणीस वर्षांनी आली आहे. माझं ऐका. सही करा."

तांडेलबाईंनी पेन घेतलं. मला वाटलं, सुटलो. त्यांनी आपल्या रकान्यात शांतपणे लिहिलं : 'मान्य नाही.' खाली तारीख आणि पूर्ण नाव. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सही करूचंय नाय. कोणाक काय करूचा ता करा."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नंतर कळलं, त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समिती. मी साडीत. साहेबांनी आलेख दाखवला, लॉगबुकाचं ते पान सोडून बाकी सगळं दाखवलं. समितीत एक म्हातारे प्राध्यापक होते, कानात यंत्र लावलेले. त्यांनी सवयीने विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?" असं विचारल्यावर आपल्याकडे कोणी काही सांगत नसतं. मागून आवाज आला, "माका."

साहेबांचा चेहरा पेढ्याच्या रंगाचा झाला. तांडेलबाई पुढे आल्या आणि शुद्ध, ऑफिसातल्या मराठीत म्हणाल्या, "हा आलेख चुकीचा आहे. एक रिकामा शॉट मारून बघावा, अशी विनंती आहे."

"जरा मोठ्याने," प्राध्यापक म्हणाले.

मग त्यांनी तेच वाक्य असं सांगितलं की कॅंटीनमध्ये ऐकू गेलं.

शॉट मारला. कडं रिकामं. आत इलेक्ट्रॉन तर नाहीतच, धूळही नाही. माझी रेघ उठली ती आदल्या दिवशीपेक्षाही उंच. म्हणजे आमच्या यंत्रात आजवरचं सर्वांत जास्त तापमान नोंदलं गेलं ते आत काहीच नसताना. फोटोवाल्याने तेवढ्यात माझा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. साडी छान दिसते आहे.

तुम्हाला वाटत असेल, आता तांडेलबाईंचा सत्कार. मुलाखत झाली, बढती मिळाली नाही. 'संघभावना' या सदरात गुण कमी पडले. महिन्याभरात त्यांची बदली इमारतीमागच्या पंपघरात झाली, थंड पाणी खेळवणाऱ्या पंपांवर. मी भेटायला गेले, अपराधी चेहरा वगैरे करून. त्या गमबूट घालून पंपाला हात लावून उभ्या होत्या.

"तुम्हाला वाईट वाटत असेल," मी म्हटलं.

"वाईट? माका राग इलोहा. बढती माजी होती. माका व्हयी होती. उगाच साधुसंतासारख्या बोलूक माका येणा नाय." मग पंपाकडे वळून, "ह्याचो बेअरिंग जातलो. आयक."

बेअरिंग आठवड्याने गेलं.

मी गाळणी बदलली. चुंबकाचा जोर पुन्हा मोजला, तर तो कागदावरच्यापेक्षा थोडा कमी भरला. जुळणारी पट्टी मधोमध नव्हतीच; आतल्या कडेला, थंड भागात सरकली होती, आणि लाट जवळजवळ तशीच आरपार जात होती. ते सगळं नीट करायला सात महिने गेले. ज्या दिवशी पुन्हा शॉट होता, त्या दिवशी मी पंपघरात जाऊन म्हटलं, "चला." बोलावणं माझंच, साहेबांचं नव्हे. आयुष्यात एवढं एक धाडस केलं, तेही साहेब जेवायला गेले असताना.

त्या गमबुटांनिशी मागे उभ्या राहिल्या. लाट सोडली. रेघ जरा थांबली, मग कलली, आणि हळूहळू, एखादी म्हातारी चढण चढावी तशी वर गेली. लाट बंद केल्यावरही लगेच पडली नाही. रेंगाळत उतरली. मी मागे वळून पाहिलं.

"आता तापता," तांडेलबाई म्हणाल्या.

लॉगबुक फिरलं. मायक्रोवेव्हच्या रकान्यात आता दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. तांडेलबाईंनी वही ओढून घेतली आणि रकान्याबाहेर, समासात, उभ्या रेघेच्या पलीकडे सही केली. वहीवाला म्हणाला, "बाई, तिथे चालत नाही."

"माका चालता."

छापलेल्या शोधनिबंधात त्यांचं नाव आलं नाही. माझं आलं, दुसऱ्या क्रमांकावर.

निवृत्तीनंतर त्या तोंडवलीला परतल्या, आणि काही वर्षांनी मीही मालवणात येऊन नातवंडं सांभाळायला लागले. नंदूने घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या होत्या आणि तिथे मायक्रोवेव्ह ओव्हन ठेवला होता. एकदा मी गेले तर तांडेलबाई एका पर्यटकाला झापत होत्या. त्याने काही न ठेवताच ओव्हन सुरू केला होता. "अरे, आत गिळूक कोण नाय, तर ती लाट जातली खंय? वायच पाणी तरी ठेव!" तो बिचारा नंतर प्रत्येक वेळी ओव्हनला नमस्कार करून सुरू करायचा.

गावातलं कोणी 'आमच्या बाईंनी सूर्य केला' म्हणालं की त्या भडकायच्या. "सूर्य खंयचो? चूल फुकतंव आमी. लाकडा ओली आसत. पेटतली, पण पेटली म्हणान आतापासून कोणी सांगू नये."

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, दुपारी त्यांच्याकडे गेले होते. लॉगबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स मी इतकी वर्षं जपली होती. ती काढली. माझी शेपटीवाली सही, तिच्या खाली दोन, आणि चौथ्या रकान्यात 'मान्य नाही'. मी पेन पुढे करून म्हटलं, "तांडेलबाई, तुमच्यासमोर माझ्या सहीवर काट मारते. मला बरं वाटेल."

त्यांनी कागदावर तळवा ठेवला. तांब्याचं कडं हिरवं पडलं होतं.

"काट मारू नको."

"का?"

"तुका बरा वाटाक व्हया म्हणान मी माजो कागद खराब करू? तुजी सही आसा म्हणान माज्या नकाराक किंमत आसा. ऱ्हवंदे. नातीक दाखय. सांग, आजयेन हय माती खाल्ली."

आजीने घरी गेल्यावर दाखवलं. नात म्हणाली, सही मात्र स्टायलिश आहे.

त्या दुपारी मग किनाऱ्यावरून हाका आल्या. रापण ओढायला माणसं कमी पडत होती. तांडेलबाई उठल्या, साडी खोचली आणि मला निरोपही न देता वाळूत उतरल्या. माझी रिक्षा उभी होती. नात शिकवणीहून यायची वेळ झालेली. रिक्षात बसता बसता मागे पाहिलं. दोन्ही दोऱ्यांना गाव लागलं होतं, पर्यटकही लागले होते, मोबाइल उंच धरून. दोरी एकदम ताणली, जड झाली. सगळा किनारा ओरडायला लागला, मासो, मासो! त्या कल्लोळात गुडघाभर पाण्यात तांडेलबाई एकट्या उभ्या होत्या. ओढत नव्हत्या. दोरीवर तळवा ठेवून, डोळे किलकिले करून थांबल्या होत्या.

रिक्षावाला सीटवरून अर्धा उठला. "मावशी, बगलास? मासो गावलो!"

"रव रे वायच," मी म्हटलं. "तांडेलबाई अजून बोलूक नायत."